सभा गोंडीत, ठराव मराठीत: हे कसं जमवायचं

आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या कोरची तालुक्यात घरात गोंडी, बाजारात आणि सोयरिकीत छत्तीसगढी, शाळेत आणि कचेरीत मराठी. मी गावच्या वनहक्क समितीची सचिव आहे. माय गोंडीच बोलायची, मी आश्रमशाळेत मराठी शिकले, म्हणून ठराव लिहायचं काम माझ्याकडे आलं. तुमच्याही गावात अशी सरमिसळ असेल आणि वही तुमच्या हातात असेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

आधी प्रश्न कसा विचारायचा ते सांगते, कारण आमची झाडं त्यातच गेली.

काही वर्षांपूर्वी एका इमारतीसाठी जागा मागायला साहेब सभेत आले. त्या जागेवर मोहाची सात झाडं होती. साहेबांनी मराठीत सगळं समजावलं आणि शेवटी विचारलं, "कुणाची काही हरकत आहे का?" मागे बसलेल्या बायांनी झाडांकडे हात करून सांगितलं, "हिल्ले! हिल्ले!" गोंडीत हिल्ले म्हणजे नाही. त्या म्हणत होत्या, तोडायची नाहीत. साहेबांना ऐकू आलं, हरकत नाही. वहीत 'सर्वानुमते ना-हरकत' असं गेलं, आणि ते माझ्या अक्षरात गेलं. मला दोन्ही भाषा येत होत्या. तरी मी मान खाली घालून सांगितलं ते लिहीत बसले. झाडं पडली तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "तू काहून बोलली नाहीस, माय?"

तेव्हापासून आमच्या सभेत 'हरकत आहे का' हा प्रश्न विचारू देत नाही. प्रश्न दोन करायचे आणि कामाचं नाव घेऊन करायचे. झाडं तोडायची म्हणणाऱ्यांनी हात वर करा. झाडं राखायची म्हणणाऱ्यांनी हात वर करा. दोन्ही वेळा गोंडीत आणि छत्तीसगढीत सांगायचं, हात मोजायचे, बायांचे वेगळे मोजायचे, आकडा वहीत लिहायचा. 'सर्वानुमते' हा शब्द सगळे हात खरंच वर गेले असतील तरच लिहा.

"सभा मराठीतच घ्यावी लागते, कायदा आहे," असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. कायदा आहे, हे खरं. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्याचा कारभार मराठीत आला आणि २०२२ मध्ये स्थानिक प्राधिकरणांसाठी वेगळा कायदा झाला, त्यात ग्रामपंचायतही येते. म्हणून वही, ठराव, पत्रव्यवहार मराठीतच ठेवा. मला हे पटतं, कारण जिल्ह्याला वाचता आला नाही तर ठरावाचा उपयोग काय? पण गावाने आपसात कोणत्या भाषेत बोलून ठरवायचं ते गावाचं आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या गावांना १९९६ च्या पेसा कायद्याचा आधार आहे; तो अशा गावांच्या ग्रामसभेला अधिकार देतो. त्याच्या कलम ४(ड) मध्ये आपल्या परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम आहे असं म्हटलंय, आणि भाषेवाचून यातलं काय जपणार?

फलकाचा वाद असेल तर आपल्याच विदर्भातला दाखला द्या. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या फलकावर मराठीसोबत उर्दू होती, त्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १५ एप्रिल २०२५ ला निकाल आला: २०२२ चा कायदा मराठीच्या जोडीला दुसरी भाषा लिहायला मनाई करत नाही. आमच्या समाजमंदिराच्या पाटीवर मराठीखाली गोंडी आहे, देवनागरीतच. सिरोंचाकडच्या गावांनी तेलुगू आणि मुलचेरा, चामोर्शीकडच्या बंगाली वस्त्यांनी बंगाली लिहायला काय हरकत?

आता दुभाषा. एक नको, दोन हवेत. एक म्हातारं माणूस, ज्याला जुने शब्द ठाऊक आहेत, आणि एक शिकलेली पोरगी, जिला कागद कळतो. एक चुकला की दुसरा टोकतो. सरपंच, ठेकेदाराचा नातेवाईक किंवा ज्याचा विषय चर्चेत आहे तो माणूस दुभाषा चालणार नाही. तीन-चार वाक्यांनंतर बोलणाऱ्याला थांबवा. साहेबांना घाई असते, पण थांबतात. मी हात वर करते आणि म्हणते, "सर, आता आमचं होऊ द्या."

नोटीस मराठीत निघते, पण दवंडी टोल्याटोल्यावर, म्हणजे वस्तीवस्तीवर, त्या टोल्याच्या भाषेत द्या. व्हॉट्सअॅपवर नोटिशीचा फोटो टाकून भागत नाही. माझ्या आवाजात गोंडीत निरोप टाकते, म्हाताऱ्या नातवाकडून तो दोनदा ऐकतात. विषयपत्रिका आदल्या संध्याकाळी दुभाष्यांसोबत वाचून काढा आणि अडणारे शब्द खुणेने वेगळे करा. 'जमीन वर्ग करणे', म्हणजे जमीन दुसऱ्याकडे देणे, हे आमच्याकडे निम्म्या लोकांना शाळेचा वर्ग बांधणे वाटलं होतं. 'अनुदान' आणि 'कर्ज' यातला फरक तर प्रत्येक वेळी सांगा: हे परत द्यायचं नाही, ते द्यायचं आहे.

ठराव लिहिताना नाल्याचं, डोंगरीचं, पेनठाण्याचं (देवाच्या जागेचं) नाव लोक घेतात तसंच लिहा, पुढे मराठीत अर्थ आणि असेल तर गट क्रमांक. नावाचं मराठीकरण करू नका. कागदावर 'मोठा नाला' झाला की तो गावातला कुठलाही नाला होतो, मग वनहक्काच्या दाव्यात चतुःसीमा जुळत नाहीत.

लिहून झालं की उठायचं नाही. तिथेच ठराव मराठीत वाचा, मग ओळीओळीने गोंडीत आणि छत्तीसगढीत. कुणी "असं नव्हतं बोललो" म्हणालं तर खोडा, बाजूला सही करा, पुन्हा वाचा. सह्या आणि अंगठे त्यानंतर. खाली एक ओळ मी नेहमी घालते: 'सदर ठराव गोंडी व छत्तीसगढी भाषेत वाचून दाखविला, सभासदांनी समजून घेऊन मान्य केला.' दोन्ही दुभाष्यांची नावं आणि सह्या त्याच ओळीखाली.

त्याच दिवशी पानांचे फोटो काढा. पंचायत समितीत प्रत देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ती प्रत मी घरी पत्र्याच्या पेटीत ठेवते, आणि त्या सात झाडांचा ठरावही त्याच पेटीत, सगळ्यात वर आहे.