हेदरच्या शास्त्रीय नावाचा इतिहास लिहिताना या चुका टाळा

ऑगस्टमध्ये स्कॉटलंडचे डोंगरउतार जांभळे करून टाकणारे हेदर हे युरोपातील निकस, आम्लधर्मी माळरानांवरचे मूळचे झुडूप आहे. त्याचे आजचे शास्त्रीय नाव ‘कॅलूना व्हल्गॅरिस (एल.) हल’ असे लिहिले जाते. या एका ओळीत १७५३ ते १८०८ एवढ्या काळाचा इतिहास नोंदलेला आहे. तरीही मराठीत या झुडपावर लिहिणारे बहुतेक जण तो इतिहास चुकीचा सांगतात, कारण ती ओळ वाचण्याऐवजी ती कुठून तरी उतरवून घेतली जाते.

सर्वांत जास्त आढळणारी आणि मला सर्वांत जास्त खटकणारी चूक कंसाची आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस (नावातले ‘एल.’) यांनी १७५३ मध्ये ‘स्पीशीज प्लँटॅरम’ या ग्रंथात या झुडपाला ‘एरिका व्हल्गॅरिस’ म्हटले. रिचर्ड अँथनी सॅल्सबरी यांनी १८०२ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात ‘कॅलूना’ ही स्वतंत्र प्रजाती (जीनस, म्हणजे जातीच्या वरचा गट) मांडली. मात्र लिनियस यांचे ‘व्हल्गॅरिस’ हे जातिनाम या नव्या प्रजातीत रीतसर नेले ते मँचेस्टरचे वैद्य जॉन हल यांनी, १८०८ मध्ये, आपल्या ‘ब्रिटिश फ्लोरा’च्या दुसऱ्या आवृत्तीत. म्हणून प्रजातीच्या नावामागे सॅल्सबरी यांचे नाव येते, जातीच्या पूर्ण नावामागे हल यांचे येते, आणि जातिनामाचे मूळ कर्ते लिनियस कंसात राहतात. ‘कॅलूना व्हल्गॅरिस सॅल्सबरी, १८०२’ असे लिहिणारा माणूस एका ओळीत दोघांवर अन्याय करतो.

कंसाचे काम नीट कळण्यासाठी सह्याद्रीतली कारवी घ्यावी. नेस यांनी १८३२ मध्ये तिला ‘स्ट्रोबिलँथेस कॅलोसा’ हे नाव दिले आणि ब्रेमेकाम्प यांनी १९४४ मध्ये ती ‘कार्व्हिया’ या प्रजातीत हलवली. जो ब्रेमेकाम्प यांची प्रजाती मानतो, त्याने ‘कार्व्हिया कॅलोसा (नेस) ब्रेमेकाम्प’ असे लिहावे. जो मानत नाही, त्याने ‘स्ट्रोबिलँथेस कॅलोसा नेस’ असे, कंसाविना लिहावे. कंस म्हणजे स्थलांतराची खूण आहे आणि ती मर्जीप्रमाणे घालायची किंवा काढायची नसते.

ही चूक कागदावर किती महागात पडते, हे मी एका शैक्षणिक संस्थेच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, पाहिले आहे. तिथे स्कॉटलंडहून आलेला हेदरचा एक जुना वाळवलेला नमुना होता आणि त्याच्या चिठ्ठीवर ‘एरिका व्हल्गॅरिस’ हे नाव शाईने लिहिलेले होते. जुने नाव चुकीचे आहे अशी समजूत करून घेऊन एका उत्साही विद्यार्थ्याने संगणकावर नवी चिठ्ठी छापली, तिच्यावर कंस गाळून सॅल्सबरींचे नाव टाकले आणि ती चिठ्ठी जुन्या चिठ्ठीवर डिंकाने घट्ट चिकटवली. नमुना गोळा करणाऱ्याचे नाव, ठिकाण आणि तारीख ही सगळी माहिती त्या डिंकाखाली गेली. ओलावा देऊन वरचा कागद सोडवताना खालची शाई फुटली आणि ठिकाणाच्या नावाची शेवटची काही अक्षरे तेवढी शिल्लक राहिली. नाव पुन्हा कधीही दुरुस्त करता आले असते. गेलेले ठिकाण परत मिळत नाही. मी नव्या नावाची चिठ्ठी नेहमी जुन्या चिठ्ठीशेजारी लावतो, तिच्यावर निर्णय देणाऱ्याचे नाव आणि वर्ष लिहितो, आणि जुन्या चिठ्ठीला हात लावत नाही. ज्यांना एवढे करायलाही वेळ नसतो, त्यांनी जुन्या नमुन्यांच्या कपाटापासून दूर राहिलेले बरे.

नव्या प्रजातीत जे जातिनाम आधी छापले गेले तेच ग्राह्य, असे समजणे ही दुसरी चूक होय. द कांदोल यांनी १८०५ मध्ये, म्हणजे हल यांच्या तीन वर्षे आधी, याच झुडपाला ‘कॅलूना एरिका’ म्हटले होते. पण अग्रक्रम मूळ जातिनामाचा असतो. ‘व्हल्गॅरिस’ उपलब्ध असताना दुसरे जातिनाम देण्याचे कारण नव्हते, म्हणून आजच्या नियमांनुसार द कांदोल यांचे नाव बाजूला पडते.

सॅल्सबरी बदनाम होते म्हणून त्यांची नावे बाद आहेत, असेही कोणी लिहू नये. प्रोटिएसी या वनस्पतिकुलावर रॉबर्ट ब्राऊन यांनी १८०९ मध्ये वाचलेल्या निबंधातील मजकूर सॅल्सबरी यांनी स्मरणाने टिपला आणि जोसेफ नाइट यांच्या नावाने निघालेल्या पुस्तकातून आधी छापून घेतला, हा आरोप गंभीर आहे आणि मला तो विश्वसनीय वाटतो. तरीही नाव टिकते ते त्याच्या रीतसर प्रकाशनामुळे, आणि ‘कॅलूना’ १८०२ मध्ये रीतसर प्रकाशित झाले आहे.

कास्पार बाउहिन यांच्या १६२३ च्या ग्रंथातील ‘एरिका व्हल्गॅरिस ग्लाब्रा’ हे आजच्या नावाचे पहिले रूप म्हणून देऊ नये. वनस्पतींच्या नावांची गणना लिनियस यांच्या १७५३ च्या ग्रंथापासून सुरू होते. ‘एरिका’ हे नाव रद्द झाले असे लिहू नये. त्या प्रजातीत आठशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक दक्षिण आफ्रिकेतल्या आहेत. संकेतस्थळावरचे वर्ष मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय छापू नये. जुन्या ग्रंथांची स्कॅन केलेली पाने आता घरबसल्या मोफत मिळतात, त्यामुळे सबब उरलेली नाही.

राहिली छायाचित्रांची चूक. कॅलूनाच्या इतिहासाशेजारी ‘एरिका सिनेरिया’चे चित्र सर्रास छापले जाते, कारण बोलीभाषेत दोन्ही झुडपे हेदरच. सॅल्सबरींनी केलेली विभागणी फूल हातात घेतल्यावर पटते: एरिकात फुगीर घंटेसारखा दिसतो तो पाकळ्यांचा पुष्पमुकुट, तर कॅलूनात जांभळी दिसतात ती चार निदलेच (पाकळ्यांबाहेरची दले) असतात, खरा पुष्पमुकुट त्यांच्या आत आखूड राहतो आणि खालची हिरवी छदे (फुलाच्या तळाची छोटी पाने) निदलपुंज असल्याचा भास निर्माण करतात. फुले अस्पष्ट असतील तर पाने पाहावीत. एरिका सिनेरियाची सुईसारखी पाने एका पेऱ्यावर तीन-तीन येतात. कॅलूनाची खवल्यांसारखी पाने समोरासमोर, चार ओळींत, फांदीला चिकटून असतात. चित्रात पानेच दिसत नसतील, तर ते चित्र वापरू नये.