जड मशीन भंगारात घालण्याआधी तिला नवा मालक कसा शोधायचा

वर्कशॉप बंद करताय, जागा बदलताय किंवा सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) आली म्हणून जुनी लेथ (धातूचा तुकडा फिरवून कातणारी मशीन) कोपऱ्यात पडून आहे, तर आधी एवढंच करा, भंगारवाल्याला लगेच फोन लावू नका. तो शेवटच्या दिवशीही येईल. तो वजनावर घेणार, आणि बिडाच्या बेडवर (मशीनचा लांब पायाचा भाग) एकदा घण पडला की ती मशीन कायमची गेली. चालत्या मशीनला वापरणारा माणूस मिळतो, पण त्याला वेळ लागतो, म्हणून जागा रिकामी करायची तारीख ठरली की त्याच दिवशी शोध सुरू करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, थ्री फेजचं कनेक्शन तोडायच्या आधी मशीन चालवून व्हिडिओ काढा. माझ्याकडून हे उलटं झालं, लाइट आधी कापली आणि मग शेपर (धातू तासून सपाट करणारी मशीन) चालू करून दाखवताच येईना, लोक यायचे, हात फिरवायचे आणि जायचे, शेवटी चांगला शेपर वजनावर गेला, त्याचं मला आजही वाईट वाटतं. व्हिडिओत कमी स्पीडपासून जास्त स्पीडपर्यंत सगळे गिअर टाकून दाखवा, ऑटो फीड (हत्यार आपोआप पुढे सरकणं) लावा, एखादा जॉब, म्हणजे धातूचा तुकडा, कातून दाखवा, आणि मागे गाणी लावू नका कारण जाणकार माणूस बेअरिंगचा आवाजच ऐकत असतो.

फोटो पाहिजेत नेमप्लेटचा, मोटारच्या प्लेटचा आणि चकजवळच्या (चक म्हणजे जॉब पकडून फिरवणारा भाग) बेडचा. बेडची झीज तिथेच जास्त असते कारण बहुतेक काम चकजवळच होतं. कॅरेज (हत्यार घेऊन बेडवर सरकणारा भाग) टेलस्टॉककडे (चकसमोरच्या टोकाचा आधार) नेल्यावर टाइट आणि चककडे आणल्यावर ढिली लागत असेल तर बेड घासलाय, हे स्वतः बघा आणि स्वतःच लिहा. क्रॉस स्लाइडच्या (हत्यार आडवं सरकवणारा भाग) हँडलला किती प्ले, म्हणजे ढिलाई, आहे तेही लिहा. तडा गेला असेल, वेल्डिंग केलं असेल तर त्याचा क्लोजअप टाका. घेणारा लांबून टेम्पो घेऊन येतो आणि तिथे आल्यावर तडा दिसला तर सौदा मोडतोच, वर चार जणांना सांगतो. नवीन रंग मात्र मारू नका, काहीतरी लपवलंय असं वाटतं. रॉकेलने पुसा, स्लाइडवर तेलाचा हात फिरवा, बास.

लेथचं माप सांगताना दोन सेंटरमधलं (जॉब दोन्ही बाजूंनी धरणारी टोकं) अंतर आणि बेडवर किती व्यासाचा जॉब फिरतो हे सांगा, स्पिंडलचं (चक फिरवणारा दांडा) भोक किती तेही, नुसतं 'मोठी लेथ' म्हटलं की तेच प्रश्न वीस वेळा येतात. अंदाजे वजन लिहा. मधल्या आकाराच्या लेथसुद्धा १-२ टन भरतात.

आता सुटं सामान. चेंज गिअर, फोर जॉ चक, फेसप्लेट, स्टेडी (लांब जॉबला मधला आधार), चकची चावी, मॅन्युअल हे सगळं शोधून एका पेटीत भरा आणि मशीनसोबतच द्या. चेंज गिअरवर चालणाऱ्या लेथचे ते गिअरच हरवले तर घेणाऱ्याला हवे ते आटे पाडता येत नाहीत, मग तो भाव पाडणारच. चक वेगळा विकून चार पैसे जास्त मिळतील असं वाटतं, पण मग उरलेली मशीन कोणी घेत नाही.

विचारायचं कुणाला? आधी शेजारचे जॉबवर्क करणारे, मग कटिंग टूल आणि बेअरिंगचे दुकानदार आणि मशीन रिपेअर करणारे मिस्त्री, यांना कुणाला काय पाहिजे ते पक्कं माहीत असतं. प्रशिक्षण संस्थांना साध्या हाताच्या मशिनी शिकवायला लागतात पण त्यांच्या मंजुरीला वेळ जातो. घरी छंद म्हणून काम करणारे छोट्या लेथ आणि ड्रिल मनापासून घेतात, मोठी पॉवर प्रेस (पत्रा कापणारी, दाबणारी मशीन) त्यांच्या कामाची नाही. प्रेस देताना गार्ड आणि क्लचची हालत तोंडावर सांगा, जुन्या चावीच्या क्लचवर एकदा स्ट्रोक सुटला की मध्ये थांबत नाही, बोटं जातात. मशीन चालत नसेल तर तीच मशीन असलेला कुणीतरी स्पेअरसाठी घेईल. मशीन डीलर सगळ्यात पटकन उचलतो, भाव कमी देतो.

उचलणार कोण हे सौद्याआधीच ठरवा आणि मेसेजवर लिहून ठेवा: क्रेन कुणाची, फाउंडेशन बोल्ट कोण काढणार, दार किती रुंद आहे. पूर्ण पैसे जमा झाल्यावरच मशीन हलवायची. मशीनवर कर्ज असेल तर आधी बँकेची एनओसी घ्या. लेथचा भार हेडस्टॉककडे (चक आणि गिअर असलेलं टोक) असतो, म्हणून कॅरेज आणि टेलस्टॉक दुसऱ्या टोकाला नेऊन लॉक करा आणि पट्टा लीडस्क्रूवर (आटे पाडताना कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू) कधीच येऊ देऊ नका, तो वाकतो. रेडियल ड्रिलचा (लांब आडव्या हाताची ड्रिल मशीन) आर्म खाली आणून लॉक करा, नाहीतर वरचा भार जास्त होऊन ती कलंडते. पहार आणि पाइपवर सरकवताना मशीनच्या उतरत्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही, अगदी मिनिटभरसुद्धा नाही.

गाडी निघायच्या आधी नवीन मालकाला सांगा की बसवल्यावर लेव्हल लावून बेड सरळ केल्याशिवाय जॉब लावू नका, कारण बेड पिळला की लेथ निमुळतं कातते, आणि तो फोन करून मशीन खराब दिली म्हणेल, तेव्हा खरं तर दोन पाचरी सरकवायच्या राहिलेल्या असतात.