पहिल्या ऑडिओ बोर्डासाठी फूटप्रिंट कसे निवडावेत

ऑडिओचा पहिला पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) आखताना सर्किटवर पुष्कळ विचार होतो आणि फूटप्रिंट, म्हणजे भागाचे पाय बसण्यासाठी बोर्डावर आखलेली जागा, मात्र सॉफ्टवेअरच्या यादीत जी आधी दिसेल ती घेतली जाते. बोर्ड तयार होऊन आल्यावर कपॅसिटर शेजारच्या आयसीला टेकतो आहे किंवा व्हॉल्यूमच्या पॉटचे (फिरवायच्या नियंत्रकाचे) पाय छिद्रांत जातच नाहीत, हे लक्षात आले तर फारसे काही करता येत नाही. म्हणून माझा आग्रह असा की, भाग आधी हातात घ्यावेत आणि लेआउट (बोर्डावरील मांडणी) नंतर सुरू करावा. मुंबईकरांना हे सहज शक्य आहे. ग्रँट रोड स्टेशनपासून लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे एकाच मूल्याचा, म्हणजे एकाच कपॅसिटन्सचा, कपॅसिटर दोन दुकानांत दोन आकारांत मिळू शकतो; त्यामुळे जो भाग बोर्डावर लावायचा आहे तोच, दोन-चार जास्त, विकत घ्यावा आणि व्हर्निअर कॅलिपरने मोजावा.

एनई५५३२ या ड्युअल ऑप-अॅम्पवर (एकाच आयसीत दोन अॅम्प्लिफायर) आधारलेला साधा प्रीअँप (सिग्नल थोडा वाढवणारे सर्किट) आपण डोळ्यांसमोर ठेवू. पहिल्या बोर्डासाठी डीआयपी-८ (दोन ओळींत मिळून आठ पायांचा आयसी) हाच आकार घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या पायांमधील अंतर २.५४ मिमी आणि दोन ओळींमधील अंतर ७.६२ मिमी असते, हाताने सोल्डर करणे सोपे जाते आणि सॉकेट लावल्यास त्याच जागी टीएल०७२ हा दुसरा ड्युअल ऑप-अॅम्प बसवून आवाजातील फरक ऐकता येतो. पाव वॅटच्या रेझिस्टरबाबत फार विचार नको; त्याचे अंग सुमारे ६.३ मिमी लांब असते, तेव्हा १०.१६ मिमी पिचचा (दोन पायांमधील अंतराचा) आडवा फूटप्रिंट घ्यावा.

कपॅसिटरकडे मात्र नीट लक्ष द्यावे लागते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा व्यास आणि पायांमधील अंतर यांची जोडी बहुतांशी ठरलेली असते: ५ मिमी व्यासाला २ मिमी, ६.३ ला २.५, ८ ला ३.५ आणि १० ला ५ मिमी. सिग्नलच्या मार्गात फिल्म कपॅसिटर घ्यावेत. लहान मूल्यांसाठी सीओजी प्रकारचा सिरॅमिक कपॅसिटर चालतो, पण सिरॅमिकच्याच एक्स७आर प्रकारात व्होल्टेजनुसार कपॅसिटन्स बदलतो आणि त्यामुळे आवाजातील विकृती (डिस्टॉर्शन) वाढते, म्हणून तो सिग्नलमध्ये नको. फिल्मच्या बाबतीत केवळ मूल्य पाहून फूटप्रिंट ठरवता येत नाही, कारण १ मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा बॉक्स कपॅसिटर ५ मिमी पिचमध्ये मिळतो, तर ४०० व्होल्टच्या त्याच मूल्याच्या कपॅसिटरची पिच बहुधा १५ मिमी किंवा त्याहून अधिक असते. जागा असेल तर एका पायाचे छिद्र एकच ठेवून दुसऱ्या पायासाठी त्यापासून ५, ७.५ आणि १० मिमी अंतरांवर एकमेकांना जोडलेली छिद्रे ठेवावीत; पुढे दुसरा कपॅसिटर वापरायचा झाला तरी बोर्ड बदलावा लागत नाही. आयसीच्या सप्लाय पायांजवळचा १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर मात्र लहान घ्यावा, म्हणजे तो पायांना अगदी लागून बसतो.

ट्रान्झिस्टरमध्ये आकार बरोबर असूनही पायांचा क्रम चुकू शकतो. बीसी५४७ आणि २एन३९०४ हे दोन्ही ट्रान्झिस्टर टीओ-९२ या एका बाजूने सपाट, तीन पायांच्या आकारात येतात. पण सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले असता पहिल्याचा क्रम डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा असतो आणि दुसऱ्याचा नेमका उलटा. म्हणून सर्किटमधील चिन्हावरचा पिन क्रमांक, फूटप्रिंटमधील पॅडचा (सोल्डर करण्याच्या तांब्याच्या जागेचा) क्रमांक आणि डेटाशीटमधील (उत्पादकाच्या माहितीपत्रकातील) आकृती या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून तपासाव्यात. आकृती वरून पाहिलेली आहे की खालून, हेही वाचावे. खालून पाहिलेली आकृती तशीच उतरवली की सगळे पाय आरशातल्यासारखे उलटतात.

पॉट, ३.५ मिमी जॅक आणि आरसीए सॉकेट यांच्यासाठी तयार फूटप्रिंटवर विसंबू नये. दिसायला सारख्या असणाऱ्या दोन जॅकमध्ये स्विचच्या संपर्काचे पाय वेगळ्या जागी असू शकतात. मिळालेला भाग मोजून कीकॅड या पीसीबी आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा फूटप्रिंट काढणे हे तासाभराचे काम आहे आणि ते जरूर करावे. पॉटच्या बाबतीत पायांबरोबर दांड्याची उंची आणि बोर्डाच्या कडेपासूनचे अंतरही नोंदवावे, कारण पॅनेलमधील छिद्र त्यावरच ठरते.

छिद्राचा व्यास पायाच्या जाडीपेक्षा ०.२ ते ०.३ मिमी जास्त ठेवावा. रेझिस्टरचा पाय सुमारे ०.६ मिमी जाड असतो, त्याला ०.९ मिमीचे छिद्र पुरते. १एन४००७ डायोडचा पाय त्याहून जाड असल्याने तिथे १.१ मिमी लागते. हाताने सोल्डर करायचे असल्याने पॅड ऐसपैस ठेवावेत.

बोर्ड छापायला देण्यापूर्वी लेआउट मूळ मापात कागदावर काढावा, थर्माकोलवर ठेवावा आणि प्रत्येक भाग त्यात टोचून पाहावा. लेआउटच्या कडेला १०० मिमीची एक रेषा आखून ठेवावी आणि छापल्यावर ती पट्टीने मोजावी. ती ९७ भरली तर प्रिंटरने आकृती पानात बसवण्यासाठी लहान केलेली असते. तो पर्याय बंद करून पुन्हा छापावे, आणि मगच भाग टोचायला घ्यावेत.