गट झाला, बांध हिरवे झाले, तरी मित्रकीटक येत नाहीत? या चुका टाळा

आठ-दहा शेजारी शेतकरी एकत्र येतात. मित्रकीटक, म्हणजे कीड खाणारे आणि परागीकरण करणारे किडे, वाढावेत म्हणून बांधावर झाडं लावायची, फवारण्या कमी करायच्या, ओढ्याकाठी गवत राखायचं असं ठरतं. दोन पावसाळे सरतात. निम्मी रोपं जळालेली असतात, फुलपाखरं होती तेवढीच असतात आणि बैठकीला चारच टाळकी जमतात. मग खापर कधी हवामानावर फुटतं, कधी शेजाऱ्यावर. कारण मात्र बहुतेक वेळा साधं असतं. प्रत्येकाने आपापल्या शेतात काहीतरी चांगलं केलेलं असतं, पण दोन शेतांच्या मधल्या जागेकडे कोणीच पाहिलेलं नसतं. एकट्याने जमणाऱ्या कामाला गट लागत नाही. गट हवा तो या मधल्या जागेसाठी.

तुटक हिरवळ

पोळ्यातली मधमाशी चाऱ्यासाठी काही किलोमीटर जाऊ शकते. पण पोळं न करता जमिनीत बीळ करून एकेकटी राहणाऱ्या मधमाश्यांच्याही असंख्य जाती आहेत, आणि त्यातल्या बहुतेक घरट्यापासून काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाहीत. मधली दोन शेतं उघडी बोडकी असतील तर पलीकडच्या बांधावरची फुलं त्यांच्या लेखी नसल्यासारखीच.

म्हणून रोपं आणण्याआधी सगळ्यांच्या शेतांचा एकच नकाशा काढा. त्यावर ओढा, विहिरी, जुनी झाडं, पडीक तुकडे, जिवंत कुंपण असं सगळं दाखवा. नकाशा समोर आला की फट कुठे आहे ते आपोआप दिसतं. ती नेमकी अशाच शेतात असते ज्याचा मालक म्हणतो, ‘मला यात वेळ नाही.’ त्याला झाडं लावायला सांगू नका, सगळ्यात हलकं काम द्या: बांधालगतची दोन मीटर पट्टी नांगरायची नाही आणि तिथे तणनाशक मारायचं नाही. बिळात राहणाऱ्या मधमाश्यांना न हलवलेली माती हवीच असते.

इथेच बांध कोरण्याचा जुना रोग आडवा येतो. नांगराचं एक तास, म्हणजे फाळाची एक रेघ, दरवर्षी बांधात शिरतं आणि पाच वर्षांत हिरवी पट्टी वीतभर उरते. हे भांडून सुटत नाही. सुरुवातीलाच दोन्हीकडच्या मालकांनी मिळून टेप धरावा, पट्टीच्या दोन्ही कडांना खुंट्या ठोकाव्यात आणि माप गटाच्या वहीत लिहावं.

झाड कुठे लावायचं हाही वादाचाच विषय. उंच झाडाची सावली शेजाऱ्याच्या पिकावर पडली की त्याचं मन उडतं, आणि त्याचं चूक नसतं. सावली ओढ्यावर किंवा रस्त्यावर पडेल अशाच ठिकाणी उंच झाडं लावा, बाकी बांधांवर झुडपं पुरेत. फळ कोणाचं आणि फांद्या कोण छाटणार हेही आधीच लिहून ठेवा.

एकाच महिन्यात सगळा बहर

सगळ्यांनी एकाच रोपवाटिकेतून एकच रोप आणलं की सगळं एकदमच फुलतं. मग तीन आठवडे मेजवानी आणि पुढे उपासमार. बारा महिन्यांचा तक्ता करून कोणत्या महिन्यात पिकासह काय काय फुलतं ते भरा, आणि रिकाम्या महिन्यांत फुलणारी स्थानिक झाडं-झुडपंच निवडा. कुंपण दरवर्षी साफ छाटू नका. मागच्या वर्षीच्या फांदीवर फुलणारी झुडपं अशा छाटणीने फुलतच नाहीत. आलटून पालटून दरवर्षी एक तृतीयांश भाग छाटावा. रानफुलांच्या पट्टीत खत तर घालूच नका. सकस जमिनीत जोरदार गवत आणि तण फुलझाडांना दाबून टाकतं. कापलेलं गवतही तिथेच कुजू न देता उचलून न्या.

फवारणीची नुसती शपथ

‘आम्ही फवारणार नाही’ अशी सामूहिक शपथ पहिल्या मोठ्या किडीच्या हल्ल्यात मोडते. मोडल्यावर माणूस लपून फवारतो, आणि ते जास्त वाईट. शपथेपेक्षा निरोप बरा. कोणतं औषध, कोणत्या शेतात, किती वाजता हे आदल्या दिवशी गटाला कळवायचं, एवढाच नियम पुष्कळ काम करतो. शेजाऱ्याला मधपेट्या हलवायला किंवा झाकायला वेळ मिळतो.

वाऱ्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. हवा अगदी पडलेली असली की फवारणीला उत्तम, असं पुष्कळांना वाटतं. पण निरभ्र संध्याकाळी किंवा पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते. तेव्हा बारीक थेंब खाली न बसता तरंगत राहतात आणि कुठल्या कुठे जातात. थोडा धूर करून पाहा. तो वर जाऊन विरण्याऐवजी जमिनीलगत थर धरून पसरला, तर थांबा. मधमाश्या परतल्यानंतरची वेळ निवडावी, पण राखलेल्या पट्टीकडून पिकाकडे जाणारी हलकी झुळूक हवी.

काही उपाय तर एकट्याच्या छोट्या तुकड्यात फसतातच. कामगंधाने, म्हणजे मादी पतंगाच्या कृत्रिम वासाने, नर पतंगांना गोंधळात टाकून मिलन रोखायचं तंत्र हे त्यातलं ठळक. बाहेर मिलन झालेल्या माद्या शेजारच्या शेतातून उडत येतात आणि अंडी घालतात. सलग शेतांत एकाच वेळी हे केलं तरच पैसे वसूल होतात. कीड किती आहे हे पाहायला लावलेला एखादा सापळा वेगळा. तो एकट्यालाही उपयोगी पडतो.

ऐन वेळी सुटणारा धीर

फवारणी कमी केल्यावर आधी मावा, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, वाढतो, त्याला खाणारे मागून येतात. मधल्या दिवसांत जीव टांगणीला लागतो आणि बहुतेक जण तिथेच पंप उचलतात. त्याआधी पानं उलटून पाहा. फुगलेला, सोनेरी-तपकिरी, पानाला चिकटून बसलेला मावा दिसला, तर त्याच्या पोटात परजीवी गांधीलमाशीची अळी वाढते आहे किंवा वाढून गेली आहे. पाठीवर गोल भोक असेल तर ती बाहेर पडली. दर पाहणीत असे फुगीर मावे वाढत असतील तर थांबायला हरकत नाही. एकही नसेल, ढालकिडेही नसतील आणि मावा भराभर वाढत असेल, तर तेवढ्याच भागापुरता उपाय करा. ढालकिड्याची अळी मोठ्या किड्यासारखी अजिबात दिसत नाही. काळपट, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या पिल्लासारखी. तिला कीड समजून चिरडणारे कमी नाहीत.

मोजदाद न करणं

फुलपाखरं वाढल्यासारखी वाटतात, याला पुरावा म्हणत नाहीत. ब्रिटनमध्ये 1976 पासून फुलपाखरं मोजायची एक सोपी रीत चालू आहे. ठरलेल्या वाटेने सावकाश चालायचं, पाच मीटरच्या पट्ट्यात दिसतील तेवढीच टिपायची आणि बऱ्या हवेतच जायचं. गटाला हे सहज जमतं. मोजणी पट्टी लावायच्या आधीच्या हंगामापासून सुरू करा. नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि एका वर्षाच्या आकड्यावर उड्या मारू नका. पाऊसच आकडे वरखाली करतो.

अनुदानासाठी जमलेला गट

नेदरलँडमध्ये 2016 पासून शेतीतल्या निसर्गसंवर्धनाचा मोबदला एकेकट्या शेतकऱ्याशी करार करून नव्हे, तर सुमारे 40 सामूहिक संस्थांमार्फत दिला जातो. कोणत्या शेतात काय करायचं हे त्या संस्था सभासदांबरोबर ठरवतात, म्हणून सलग पट्टे आखता येतात. योजना चांगली आहे, पण पैसा हेच एकत्र येण्याचं कारण असेल तर पैसा थांबताच गटही थांबतो. ऑस्ट्रेलियातली लँडकेअर ही जमीन राखणाऱ्या स्थानिक गटांची चळवळ 1986 मध्ये व्हिक्टोरिया राज्यात सुरू झाली ती जमिनीची झीज ही शेतकऱ्यांची स्वतःची डोकेदुखी होती म्हणून.

सामाईक साधनं टिकवणाऱ्या गटांचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या अभ्यासात टिकून राहिलेले गट आपले नियम स्वतः करत, लक्षही स्वतः ठेवत, आणि पहिल्या चुकीला हलकी शिक्षा करून पुढे ती वाढवत. आपल्याकडे उलटंच होतं. आधी वर्षभर कोणी काही बोलत नाही आणि मग एकदम गटाबाहेर काढतात.

ओढ्याची उलटी सुरुवात

खालच्या शेतकऱ्याने ओढाकाठ कितीही राखला, तरी वरच्या शेतातून माती येत राहिली तर पहिल्या मोठ्या पावसात सगळं गाळाखाली जातं. काम वरून खाली करत या. वरचा मालक तयारच नसेल, तर त्याच्या हद्दीला लागून, पण आपल्या जमिनीत, समपातळीला धरून, म्हणजे उताराला आडवी, दाट गवताची रुंद पट्टी ठेवा. पावसानंतर तिथे साचलेला गाळ त्याला दाखवा. त्याच्याच शेतातली वरची माती आहे ती.