बर्फाच्या वादळाची वाट बघताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो नकाशा येतोच. न्यू जर्सीवर गडद जांभळा डाग, डागावर '२६ इंच', आणि खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, 'पुढच्या मंगळवारी शाळा बंद!' तो मंगळवार नऊ दिवसांवर असतो. प्रत्यक्षात त्या दिवशी पाऊस पडतो. मुलं हिरमुसतात, मोठी माणसं हवामान खात्याच्या नावानं बोटं मोडतात, आणि पुढच्या महिन्यात सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

न्यू जर्सीत मला २२ हिवाळे झाले. बर्फावर माझा जीव आहे. जतसारख्या दुष्काळी तालुक्यात लहानपण गेलं, त्यामुळे आभाळाकडे डोळे लावून बसणं अंगात मुरलेलं आहे. म्हणूनच ही दरवर्षीची निराशा बघवत नाही. त्यातली निम्मी तरी आपण स्वतःच ओढवून घेतो.

एका नकाशावर जीव टांगणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती मी स्वतः केलेली आहे.

हवामानाचं गणित मांडणारे संगणकी कार्यक्रम म्हणजे मॉडेलं. त्यांतलं अमेरिकन मॉडेल जीएफएस दिवसातून चार वेळा चालतं. दर वेळी ते ताज्या नोंदी घेऊन पुढच्या १६ दिवसांचं हवामान नव्यानं मांडतं. वादळ नऊ दिवस लांब असतं तेव्हा ज्या हालचालीतून ते जन्मणार, ती अजून उत्तर पॅसिफिक महासागरावर कुठेतरी असते. तिथे हवामानाचे फुगे सोडणारी ठाणी फारच थोडी, सगळी भिस्त उपग्रहांवर. सुरुवातीला राहिलेली बारीकशी चूक नऊ दिवसांत शेकडो मैलांची होते.

आणि इथल्या बर्फाला शेकडो मैलांची चूक लागतच नाही, पन्नास मैल पुरतात. किनाऱ्याला समांतर वर सरकणारं वादळ, ज्याला इथे नॉरईस्टर म्हणतात, नॅन्टकेट बेटाच्या दक्षिणेला ४० अंश उत्तर, ७० अंश पश्चिम या बिंदूजवळून गेलं तर न्यूयॉर्क-बॉस्टनच्या पट्ट्याला सहसा भरपूर बर्फ मिळतो. ते किनाऱ्याला चिकटून गेलं तर समुद्रावरची उबदार हवा आत शिरते आणि आपल्या वाट्याला पाऊस येतो. फार बाहेरून गेलं तर नुसतं ढगाळ आभाळ.

जानेवारी २०१५. धाकट्याच्या बाळंतपणासाठी आई जतहून आली होती. तिनं आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता. २६ तारखेच्या वादळासाठी युरोपियन मॉडेल न्यूयॉर्कला दोन फुटांच्या वर बर्फ दाखवत होतं. २०१२ मध्ये सॅन्डी वादळ किनाऱ्याकडे वळणार हे याच मॉडेलनं आधी ओळखलं होतं, त्यामुळे त्याच्यावर सगळ्यांचा भरवसा. जीएफएस मात्र वादळ थोडं पूर्वेला ठेवत होतं आणि आमच्याकडे बराच कमी बर्फ दाखवत होतं. ते मी बघितलं आणि सोडून दिलं, कारण मला दोन फूट हवे होते. हवामान खात्याचा न्यूयॉर्कसाठीचा अंदाज २० ते ३० इंचांचा होता. रस्त्यावर गाड्या आणायला बंदी झाली. न्यूयॉर्कची सबवे तिच्या ११० वर्षांच्या इतिहासात पहिल्यांदा बर्फासाठी बंद ठेवली गेली. मी आईला म्हटलं, 'उद्या सकाळी दार उघडणार नाही, एवढा पडणार आहे.' थोरला सहा वर्षांचा होता. त्यानं इथल्या पोरांच्या रिवाजाप्रमाणे पायजमा उलटा घातला, उशीखाली चमचा ठेवला आणि झोपला.

मी खिडकीशी बसले. समोर रस्त्यावरचा दिवा. अकराच्या सुमाराला त्याच्या उजेडात चांगले कापसाच्या पुंजक्यासारखे मोठे कण उतरत होते. एक वाजता ते बारीक झाले. दोन वाजता दिव्याखाली चाळणीतून रवा पडावा तसा भुरभुरा बर्फ होता. मला तेव्हाच कळलं होतं. बर्फाचा जोरदार पट्टा डोक्यावर असला की कण मोठे, एकमेकांत गुंतलेले येतात. रव्यासारखं भुरभुरायला लागलं की बहुतेक वेळा पट्टा दुसऱ्याच्या डोक्यावर गेलेला असतो. तरी मी तीनपर्यंत तिथेच. आई दोन शाली गुंडाळून मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, 'नीज गं आता. ढग आलं म्हंजी पाऊस आला न्हवं. आपल्याकडं मृगात असंच तर हुतंय.'

सकाळी अंगणात जेमतेम पाच इंच. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कला ९.८. तिथून पन्नासेक मैल पूर्वेला, लाँग आयलंडवरच्या आयस्लिपला २४.९, आणि बॉस्टनला २४.६. वादळ आलं होतं, म्हणाल तेवढं मोठं आलं होतं. फक्त थोडं पूर्वेला सरकलं होतं. न्यू जर्सीतल्या एका हवामान कार्यालयाच्या प्रमुखांनी त्या रात्री लोकांची जाहीर माफी मागितली. मला त्या माणसाबद्दल आजही आदर आहे. आपण फॉरवर्ड केलेल्या नकाशाबद्दल कुणी कधी माफी मागितल्याचं मला आठवत नाही.

आईनं मात्र त्या पाच इंचांत चपला घालून पाय बुडवला आणि लहान मुलीसारखी हसली. मी चोवीस इंच सांगितले नसते तर मलाही हसता आलं असतं.

त्यानंतर मी स्वतःला काही सवयी लावल्या. पाच दिवसांच्या पलीकडे इंचांचा नकाशा उघडायचाच नाही. तोवर फक्त एक प्रश्न: थंड हवा आहे का, आणि ती टिकेल का? उत्तरेला कॅनडातल्या क्विबेकवर जास्त दाबाचं क्षेत्र पाय रोवून बसलेलं असेल तर थंडी इकडे झिरपत राहते. ते नसेल तर वादळ कितीही देखणं असो, मी फार आशा धरत नाही. पाच दिवसांच्या आत आलं की एका चित्राऐवजी समूह बघायचा. युरोपियन मॉडेल सुरुवातीच्या नोंदींत किंचित फरक करून ५१ वेळा चालवलं जातं. त्या ५१ मधल्या ४० ठिकाणी वादळ किनाऱ्याजवळ असेल तर बोलण्यासारखं काही आहे. १५ ठिकाणी असेल तर मी गप्प बसते. मुलांना आकडा ४८ तासांच्या आत सांगायचा, आणि आधी धाकला आकडा सांगायचा. 'चार ते नऊ' म्हटलं की पोरांच्या कानात नऊच राहतो, म्हणून मी 'चार तरी पडेल' एवढंच म्हणते.

नवख्यांना हे पटत नाही. त्यांना आठ दिवस आधी स्वतःच्या पिनकोडचे इंच हवे असतात. फोनमधलं ॲप ते देतंही, आणि सहा तासांनी बदलूनही टाकतं. कुणी हात न लावलेला तो एका मॉडेलचा कच्चा आकडा असतो. तो वाचणं म्हणजे हवामान बघणं नव्हे.

स्लीटला बर्फ समजणं

नकाशावर १८ इंच, हातात सहा, आणि तेही मिठाच्या खड्यांसारखं टणक. हा अनुभव न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया पट्ट्यातल्या प्रत्येकाला आहे. १४ मार्च २०१७ चं वादळ आठवा. न्यूयॉर्कला दीड फुटाची भाषा चालली होती, सेंट्रल पार्कला ७.६ इंच पडला. त्या दिवशी थर्मामीटर शून्याखाली होता, म्हणून लोकांना कोडं पडलं की थंडी असून बर्फ गेला कुठे.

तो गेला वरच्या वर. जमिनीलगत थंडी असली तरी दीड-दोन किलोमीटर उंचीवर समुद्राकडून आलेल्या हवेचा शून्याच्या वरचा एक थर घुसतो. ढगातून निघालेला बर्फाचा कण त्या थरात वितळतो आणि खालच्या थंडीत येताना पुन्हा गोठतो, पण आता त्याची नक्षी गेलेली असते. उरतो तो काचेसारखा दाणा, म्हणजे स्लीट. खालचा थंड थर पातळ असेल तर गोठायलाही वेळ मिळत नाही. थेंब जमिनीवर, झाडांवर, तारांवर पडून तिथे गोठतो. ते फ्रीझिंग रेन, सगळ्यात घातक.

मेख अशी की फुकट मिळणाऱ्या बऱ्याच नकाशांत एक इंच पाण्याचा दहा इंच बर्फ असा सरळ हिशेब असतो आणि स्लीटही त्यातच धरलेलं असतं. स्लीट तेवढं फुगत नाही, एक इंच पाण्यातून दोन-तीन इंच दाणे मिळाले तरी पुष्कळ. ओला बर्फ पाच-सहा पट भरतो, कडाक्याच्या थंडीतला भुसभुशीत पंधरा-वीस पट. दहाचा पाढा सगळीकडे लावणं हा आळस आहे, आणि मला त्याची चीड आहे.

माझी पद्धत साधी. जमिनीवरच्या तापमानाआधी मी ८५० मिलिबारचं, म्हणजे साधारण दीड किलोमीटरवरचं तापमान बघते, मग त्याच्या थोडं वरचं. कुठेही शून्याच्या वर डोकावलं की नकाशातला आकडा मनातल्या मनात निम्मा. आणि वादळ सुरू झालं की कान खिडकीला. बर्फ आवाज करत नाही. काचेवर कुणी मोहरी फेकल्यासारखी टिकटिक सुरू झाली की वरचा उबदार थर पोचला. खात्री हवी असेल तर काळ्या कोटाची बाही बाहेर धरा. सहा पाकळ्या दिसल्या तर बर्फ. दाणे टणाटण उडून गेले तर स्लीट.

लवकर आशा सोडणं

ही उलटी चूक. २०१० च्या नाताळाआधी मॉडेलांनी वादळ समुद्रात ढकललं होतं आणि आम्ही सगळ्यांनी हात झटकले. २४ तारखेला ते एकाएकी किनाऱ्याकडे परतलं. २६ डिसेंबरच्या रात्री सेंट्रल पार्कला २० इंच, न्यूअर्कला २४. मॉडेलच्या दोन-तीन फेऱ्या वाईट गेल्या म्हणजे वादळ मेलं असं नाही. वही मिटू नका.

बाकीच्या, थोडक्यात

रडारवर डोक्यावर हिरवा-निळा रंग आहे आणि अंगणात काहीच नाही? खालची हवा कोरडी आहे, बर्फ वाटेतच विरतोय. दवबिंदू चढू द्या, म्हणजे खालच्या हवेत ओल भरू द्या, दोन तास थांबा. एवढ्यात 'गेलं वादळ' म्हणून लिहू नका.

रात्री साडेदहाला अमेरिकन मॉडेल, एकच्या सुमाराला युरोपियन, असं जागरण चार रात्री करू नका. वादळाच्या रात्री डोळे उघडे राहत नाहीत, आणि जागायची रात्र तीच असते.

वादळ पोचल्यावर लांब पल्ल्याची मॉडेलं बंद करा. रडार बघा, आणि खिडकी.

दूध-ब्रेड आदल्या दिवशी सकाळीच आणा. फावडं तळघरातून वर आणा. खडेमीठ उणे नऊ अंशांच्या खाली फारसं काम करत नाही, पिशवीवरची माहिती वाचून घ्या. गाडी बर्फात अडकली असेल तर इंजिन सुरू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड हातानं मोकळं करा. तोंड बुजलं की विषारी धूर गाडीत शिरतो, त्यात माणसं दगावतात.

आणि मोजताना गवतावर, गाडीच्या टपावर किंवा वाऱ्यानं साचलेल्या ढिगाऱ्यात पट्टी खुपसू नका. गवतात पट्टी पात्यांच्या तळापर्यंत जाते आणि इंचभर उगाच वाढतो. दोन फूट लांब-रुंद प्लायवूडचा तुकडा पांढरा रंगवा आणि झाड-भिंतीपासून दूर, मोकळ्यात ठेवा. मोजून पुसायचं ते सहा तासांतून एकदाच. दर तासाला पुसलं की बर्फ दबायची संधीच मिळत नाही आणि बेरीज फुगते. जानेवारी २०१६ च्या वादळात न्यूअर्क विमानतळाची २८.१ इंचांची नोंद याच कारणानं बाद झाली. सेंट्रल पार्कचे २७.५ इंच टिकले, तो तिथला विक्रम आहे. फळीजवळ एक उंच काठी रोवा, नाहीतर फळीच सापडत नाही.

आमची फळी २०१५ च्या त्या वादळानंतर घरी रंगवली. मग २०२२-२३ चा हिवाळा आला, अख्ख्या मोसमात सेंट्रल पार्कला २.३ इंच, १८६९ पासूनच्या नोंदींत सगळ्यात कमी. एका दिवसात इंचभर बर्फ तिथे सलग ७०१ दिवस पडला नाही. फळी अंगणात काळी पडत गेली, तरी मी ती उचलली नाही. १६ जानेवारी २०२४ ला तो खंड सुटला. सकाळी शाळेआधी धाकटा बूट घालून बाहेर गेला, गुडघ्यावर बसला, पट्टी अगदी सरळ धरून दोनदा बघितली. आत येऊन त्यानं बर्फाळ बोटांनी वहीत लिहिलं, 'दीड'. आणि आजीला जतला व्हिडिओ कॉल लावला.