व्हीएस कोडच्या एक्स्टेंशनमध्ये पहिला बदल केला तेव्हा

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून मी मराठी नोट्स काढायचो, व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्येच, आणि शब्द मोजायला त्यात एक एक्स्टेंशन, म्हणजे जोडून घ्यायचा छोटा प्रोग्रॅम, टाकलं होतं. दोन पानं लिहिली तरी खाली आकडा शून्य. त्याचा सोर्स ओपन होता, म्हणजे कोड कुणालाही बघता-बदलता येत होता, म्हटलं आपणच उघडून बघू.

नवीन असाल तर सगळा कोड वाचत बसू नका. रेपो क्लोन करा (म्हणजे सगळ्या कोडची प्रत आपल्याकडे उतरवा), एनपीएम इन्स्टॉल मारा (त्याला लागणारी बाकीची पॅकेजेस येतात), पॅकेज डॉट जेसन ही एक्स्टेंशनची माहिती असलेली फाइल उघडा, त्यात मेन कुठल्या फाइलकडे नेतंय आणि कमांड कुठल्या आहेत एवढं कळलं की बाकीचं सापडत जातं. मग एफ-५. एक्स्टेंशन डेव्हलपमेंट होस्ट नावाची दुसरी विंडो उघडते, बदललेला कोड फक्त तिच्यातच चालतो, त्यामुळे बिनधास्त मोडतोड करा. ब्रेकपॉइंट, म्हणजे कोड चालता चालता थांबवायची खूण, मात्र पहिल्या विंडोत लावायचा. आणि कोड बदलला की दुसऱ्या विंडोत कंट्रोल-आर, नाहीतर जुनाच कोड चालत राहतो.

घोळ रेगेक्समध्ये, म्हणजे मजकुरात काय शोधायचं ते सांगणाऱ्या पॅटर्नमध्ये होता. जावास्क्रिप्टमध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे आणि अंडरस्कोर, बस. २०१८ पासून रेगेक्सला यू फ्लॅग लावून युनिकोडचे (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे) गट वापरता येतात, म्हणून मी 'लेटर' गट टाकला. आकडा आला! पण 'पुणे'चे शब्द दोन, 'विद्यार्थी'चे चक्क पाच. कारण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे युनिकोडमध्ये लेटर नाहीतच, मार्क आहेत, म्हणून तिथे तिथे शब्द तुटत होता. मार्कचा गट जोडला आणि दोन्ही एकेक झाले. काय आनंद झाला म्हणून सांगू!

लगेच त्याच दोन शब्दांच्या टेस्ट, म्हणजे उत्तर बरोबर येतं का ते तपासणारा कोड, लिहिल्या. मोजणारं फंक्शन वेगळ्या फाइलीत काढा, त्यात व्हीएस कोडचं काही इम्पोर्ट करू नका, मग नुसत्या मोकावर (टेस्ट चालवायच्या टूलवर) टेस्ट चुटकीसरशी होते. एडिटरसकट टेस्ट पहिल्यांदा चालवताना व्हीएस कोडची अख्खी वेगळी कॉपी डाउनलोड होते, ते वायफायवरच करा, माझा दिवसभराचा मोबाइल डेटा त्यात गेला.

शेवटी व्हीएससीई या टूलने एक्स्टेंशनची एक फाइल बनवून ती रूममेटच्या लॅपटॉपवर टाकली. त्याच्या कीबोर्डवरून 'दुसर्‍या' टाइप केलं तर शब्द दोन! डोळ्याला काहीच फरक दिसत नाही, पण त्याच्या र आणि या मध्ये झिरो विड्थ जॉइनर नावाचं, अक्षरं जोडणारं पण न दिसणारं चिन्ह होतं, ते लेटर पण नाही आणि मार्क पण नाही. आता तेही रेगेक्समध्ये आहे, आणि रूममेटचा 'दुसर्‍या' तिसऱ्या टेस्टमध्ये.