कडक बाईंकडे भाषा शिकलात आणि आता स्वतः शिकवताय? मग हे करून बघा

भाषा शिकवायला लागलं की पहिल्या महिन्या-दोन महिन्यातच आपल्या तोंडातून आपल्याच जुन्या बाईंची वाक्यं यायला लागतात. तोच सूर, तेच "परत वाच", वहीवर तसंच बोट ठेवणं. डॅन लॉर्टी नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1975 मधे लिहून ठेवलंय की शाळा संपेपर्यंत माणूस साधारण 13,000 तास शिक्षकांसमोर बसलेला असतो, म्हणजे ट्रेनिंगच्या कितीतरी आधी आपण बघून बघूनच शिकवणं उचललेलं असतं. आणि त्याचंच पुढचं म्हणणं मला जास्त पटतं, विद्यार्थ्याला शिक्षक फक्त समोरून दिसतात, त्यामागची तयारी दिसत नाही. म्हणून कडक शिक्षकांचा आवाज आपल्याकडे येतो आणि मेहनत तिकडेच राहते.

मी जर्मन शिकले ते फार कडक बाईंकडे, आणि आता मराठी शिकवते, ज्यांची मातृभाषा मराठी नाही अशा मोठ्या माणसांना. बाईंचं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे कळायला मला बरीच वर्षं लागली, तुमची तेवढी जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

आधी कागद घेऊन बसा. तुमच्या बाई किंवा सर काय बोलायचे ते नको, तुमच्याकडून काय करून घ्यायचे ते लिहा, आणि प्रत्येक गोष्टीपुढे लिहा की त्याने मला नक्की काय आलं. आमच्या बाई आर्टिकलशिवाय, म्हणजे नामाआधी येणाऱ्या आणि त्याचं लिंग सांगणाऱ्या डेर-डी-दासशिवाय, नाम घ्यायच्याच नाहीत. नुसतं "ट्यूर" म्हणजे दरवाजा म्हटलं की गप्प उभ्या राहायच्या, "डी ट्यूर" म्हटलं की मगच पुढे. जर्मनमधे दरवाजा स्त्रीलिंगी आणि खिडकी नपुंसकलिंगी, आणि आमच्या डोक्यात तो दरवाजा ती खिडकी लहानपणापासून घट्ट बसलेलं, त्यामुळे शब्दाबरोबरच लिंग पाठ झालं नाही तर नंतर ते सुधारता सुधारत नाही. हे मी जसंच्या तसं उचललंय. माझ्या वर्गात नुसतं "खिडकी" चालत नाही, "ती खिडकी", "तो दरवाजा", "ते पुस्तक" असंच म्हणायचं, कारण मराठीत लिंग चुकलं की मोठा-मोठी-मोठं चुकतं, मग "त्याने दरवाजा उघडला" आणि "त्याने खिडकी उघडली" हेही चुकतं, एका शब्दापायी अख्खं वाक्य जातं.

आता चुका कशा दाखवायच्या, यात सगळ्यात जास्त जीव घाला. आपली सवय असते की विद्यार्थी चुकला की आपणच बरोबर वाक्य म्हणून पुढे जायचं, बरं वाटतं, वेळही वाचतो. पण रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी फ्रेंच माध्यमाच्या वर्गांवर 1997 मधे जो अभ्यास छापला त्यात शिक्षक हेच सगळ्यात जास्त करत होते आणि विद्यार्थी त्याच्यावर सगळ्यात कमी वेळा काही करत होते, बऱ्याचदा आपलं वाक्य दुरुस्त झालंय हे कळतच नाही. बाई उत्तर द्यायच्या नाहीत. निबंधात चुकीच्या जागी फक्त पेन्सिलची रेघ, समासात एक अक्षर, क्रियापदाची चूक असेल तर एक, शब्दक्रमाची असेल तर दुसरं, दुरुस्ती तुम्ही करायची आणि पूर्ण निबंध परत लिहून आणायचा. तेव्हा राग यायचा खरा. पण स्वतः शोधून काढलेली चूक मी पुन्हा फारशी केली नाही.

बोलण्यातही तसंच करा. मागच्या महिन्यात एक विद्यार्थिनी म्हणाली, "आज माझ्याकडे वेल नाही." मी "वेळ" म्हणून मोकळी झाले नाही, एवढंच विचारलं, "वेल? झाडावर चढते ती?" आणि थांबले. ती हसली, विचार केला, जीभ मागे वळवून टाळूला लावली, सोडली, दोनदा "वेड"सारखं काहीतरी झालं आणि तिसऱ्यांदा स्वच्छ "वेळ" आलं. मग काल-काळ, बाल-बाळ अशा जोड्या लगेच करून घेतल्या, गरम आहे तोवर.

त्या थांबण्याबद्दल अजून थोडं. मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात मोजून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, तेच तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब आणि जास्त विचार केलेली येतात. त्यांचं काम विज्ञानाच्या तासांवर होतं, पण परक्या भाषेत माणसाला वाक्य जुळवायला वेळ लागतोच, त्यामुळे मनात आकडे मोजा पण थांबा.

सोडायचं काय तर अपमान. पहिल्या वर्षी मी एकाचं चुकलेलं वाक्य बाईंसारखंच सगळ्या वर्गाला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि तो त्यानंतर तीन आठवडे वर्गात बोललाच नाही. भाषेच्या वर्गात माणूस बोललाच नाही तर शिकवायचं कशावर? मी त्याची माफी मागितली. आता वहीतली चूक त्याची त्यालाच दाखवते, आणि सगळ्यांकडून होणारी असेल तर नाव न घेता फळ्यावर नवीन वाक्य करून लिहिते. काम मात्र तेवढंच परत करून घेते, त्यात सूट नाही.

आणि एक गोष्ट विद्यार्थी असताना मला दिसलीच नव्हती, कोर्स संपताना कळली. बाईंकडे एक जाड वही होती, त्यात प्रत्येकाचं एक पान, कोणाचं काय चुकतं आणि कधी चुकलं ते तारखेसकट. म्हणून त्या तीन आठवड्यांनी नेमकं तेच विचारायच्या जे आपण विसरलेले असायचो. अशी वही करा. तास संपला की पाच मिनिटं, माणशी एक किंवा दोनच चुका, त्याच्या शब्दात. पुढच्या तासाला एकदा विचारा, मग आठवड्याने, मग महिन्याने, तीनदा बरोबर आलं की खोडा. त्या विद्यार्थिनीच्या पानावर "वेळ" अजून खोडलेलं नाही, दोनदा बरोबर आलंय, एकदा राहिलंय.